गांजा निरुपद्रवी म्हणविणाऱ्यांस जाहीर जबाब



गांजा ही केवळ वनस्पती आहे, बैरागी तो पिढ्यान्‌पिढ्या ओढीत आले, त्याने कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही, सबब तो निर्धोक आहे, असा जो युक्तिवाद हल्ली वसतिगृहांतून मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो, आणि ज्याच्या पुष्ट्यर्थ १८९४ सालच्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालाचाही दाखला देण्यात येतो, त्याचा समाचार घेणे हा या पत्रकाचा हेतू आहे.

तो अहवाल आम्हांसही आदरणीय वाटतो. वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तरे तपासून, ‘वेडाचे कारण’ या रकान्यात पुरेशी चौकशी न करताच ‘गांजा’ असे खरडले जात असल्याचे त्याने उघडकीस आणले. इतकी सचोटी आजच्या किती समित्यांत आढळेल, कोण जाणे! परंतु माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही हा त्यातील अभिप्राय तोंडपाठ असणारे, अतिसेवन मनाचे अस्थैर्य वाढविते हा त्यातलाच दुसरा अभिप्राय सोयिस्करपणे गिळून टाकतात.

शिवाय कमिशनला जे ठाऊक असणे शक्यच नव्हते, ते आज आपणांस ठाऊक आहे. १९६४ साली मेशुलाम आणि गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी गांजातील टीएचसी हे मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि पुढे मेंदूतील ज्या ग्राहींना ते जाऊन चिकटते त्यांचाही शोध लागला. श्वासोच्छ्वासाचे नियमन करणाऱ्या मस्तिष्कस्तंभात हे ग्राही अत्यल्प असतात, म्हणूनच गांजेकसाचा श्वास अफूबाजाप्रमाणे थांबत नाही. मात्र स्मृतीचे ठाणे जो हिप्पोकॅम्पस, हालचालींचा मेळ राखणारे जे अनुमस्तिष्क, त्यांत ते दाट वसलेले आहेत, आणि विवेकाचा कारभार पाहणारा मेंदूचा पुढचा भागही त्यांपासून मुक्त नाही. गांजा प्राण घेत नाही याचे कारण ज्या रचनेत आहे, तीच रचना तो काय घेतो हेही सांगते.

नित्य दम मारणाऱ्याच्या मेंदूतील हे ग्राही घटत जातात. तोच कैफ चढण्यास अधिक माल लागतो, आणि तो न मिळाल्यास एक-दोन दिवसांतच चिडचिड, निद्रानाश व अन्नावरची वासना उडणे सुरू होते. ‘मनात आणीन तेव्हा सोडीन’ म्हणणारा हे सोसवेना म्हणून पुन्हा चिलीम भरतो, त्यास व्यसन म्हणावयाचे नाही तर काय?

मेंदूच्या पुढच्या भागाची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि कोवळ्या वयात ओढू लागलेल्यांपैकी सुमारे सहांत एक जण व्यसनाधीन होतो. स्वीडनमध्ये लष्करभरतीस आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांची जी पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली, तीत अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया जडण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. प्रत्येक गांजेकस वेडा होतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे त्या जुन्या दप्तरांतील कारकुनांच्या पंक्तीस बसणे होय. पण आपल्या मुलाचा मेंदू कोणत्या पारड्यात पडेल हे आधी सांगणारा वैद्य अद्याप जन्मावयाचा आहे.

राहिला प्रश्न घरच्या मंडळींचा. अब्रू आणि फौजदार यांच्या धाकाने मुलाचे व्यसन दडवून ठेवणाऱ्या पालकांनी इतके जाणून घ्यावे की, सुमारे महिनाभर संयम पाळल्यास घटलेले ग्राही बहुतांशी भरून येतात. आणि सेवनाचा अथवा अल्प प्रमाणात माल बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ त्यास खटल्यापासून संरक्षण देते. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे.