धुळीच्या कणाने बंद पडणारा कीबोर्ड : पातळ लॅपटॉपच्या नादात अ‍ॅपलने काय गमावलं?

फेब्रुवारी २०२०. ऑस्कर सोहळ्यात ‘जोजो रॅबिट’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी पुरस्कार घेऊन दिग्दर्शक टायका वायटीटी पत्रकारांसमोर आले. लेखकांनी निर्मात्यांकडे काय मागायला हवं, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. मानधन, कामाचे तास असं काहीतरी उत्तर अपेक्षित होतं. वायटीटी म्हणाले, आधी अ‍ॅपलने ते कीबोर्ड नीट करावेत, त्यावर लिहिणं अशक्य झालंय.

पत्रकार हसले आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. विशेष म्हणजे अ‍ॅपलने तीन महिने आधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, तो वादग्रस्त कीबोर्ड बदलायला सुरुवात केली होती. म्हणजे वस्तू सुधारायला लागली होती, नाव मात्र अजून सुधारलं नव्हतं.

हे प्रकरण सुरू झालं एका अतिशय पातळ लॅपटॉपपासून. पण त्याआधी आणखी एका लॅपटॉपची गोष्ट बघावी लागेल. तोही अ‍ॅपलचाच, तोही पातळ आणि तोही फसलेला. तरी त्याने कंपनीचं नाव मोठंच केलं.

पाकिटातून निघालेला लॅपटॉप

जानेवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून पहिला ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला. सर्वात जाड भागातही तो दोन सेंटीमीटरपेक्षा पातळ होता आणि वजन होतं साधारण १.३६ किलो.

दिसायला देखणा, वापरायला अवघड. एकच यूएसबी पोर्ट, सीडी ड्राइव्ह नाही, रॅम वाढवायची सोय नाही. ८० जीबीची हार्ड डिस्क संथ होती. जास्त वेळ व्हिडिओ चालवला की लॅपटॉप तापतो आणि अडखळतो, अशा तक्रारी आल्या. काहींच्या स्क्रीनच्या बिजागरीही सैल झाल्या. एवढं असून किंमत १,७९९ डॉलर, जेव्हा साधा मॅकबुक १,०९९ डॉलरपासून मिळत होता.

मग अ‍ॅपलचं नाव खराब का झालं नाही?

एक तर त्यातल्या बऱ्याचशा तडजोडी उघड दिसत होत्या. एकच पोर्ट आहे, हे दुकानातच कळायचं. दुसरं म्हणजे ज्याला हा नको होता, त्याच्यासाठी अ‍ॅपलचेच दुसरे धडधाकट लॅपटॉप शेजारी ठेवलेले होते. तिसरं, दुरुस्ती लवकर झाली. ऑक्टोबर २००८ मध्येच ग्राफिक्स सुधारले. ऑक्टोबर २०१० मध्ये तर लॅपटॉप नव्याने घडवला गेला. फ्लॅश स्टोरेज, दोन यूएसबी पोर्ट आणि सुरुवातीची किंमत ९९९ डॉलर. पुढच्याच वर्षी इंटेलने ‘अल्ट्राबुक’ नावाने पातळ विंडोज लॅपटॉपची मोहीम सुरू केली. पहिला एअर फसला होता, हे लोक विसरूनही गेले.

मग २०१५ मध्ये काय बिघडलं?

त्या वर्षी अ‍ॅपलने १२ इंची नवा मॅकबुक आणला. जाडी फक्त १३.१ मिलिमीटर, वजन एक किलोच्या आत. आत पंखाच नव्हता आणि चार्जिंगसह सगळ्या कामांना मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट होता.

एवढ्या कमी जागेत नेहमीचा कीबोर्ड मावत नव्हता. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये बटणाखाली कात्रीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या असतात. अ‍ॅपलने त्याऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट करणारी रचना बसवली. ती ४० टक्के पातळ असल्याचं कंपनीने सांगितलं.

अडचण अशी, की बटण खाली जायला जागा अगदीच कमी उरली. धुळीचा कण किंवा पावाचा चुरा आत गेला, की बटण अडकायचं. एकदा दाबलं तर अक्षर दोनदा उमटायचं, नाहीतर उमटायचंच नाही. दुरुस्तीही साधी नव्हती. अनेकदा एका बटणासाठी कीबोर्ड, वरचं अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर आणि त्याला चिकटवलेली बॅटरी असा पूर्ण भाग बदलावा लागायचा. वॉरंटी संपली असेल, तर त्याचा खर्च शेकडो डॉलरमध्ये जायचा.

दुकानात दोन मिनिटं टाइप करून हा दोष कळणं शक्य नव्हतं. तो काही महिने वापरल्यावर समोर यायचा. पहिल्या एअरच्या आणि या लॅपटॉपच्या दोषांमध्ये हा मोठा फरक होता.

एका मॉडेलचा दोष सगळ्या घरात

इथपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये याच जातीचा कीबोर्ड ‘मॅकबुक प्रो’मध्ये आला. प्रो म्हणजे पत्रकार, प्रोग्रामर, व्हिडिओ एडिटर यांचं रोजीरोटीचं साधन. २०१८ मध्ये तो नव्या ‘एअर’मध्येही आला. आता अ‍ॅपलचा नवा लॅपटॉप घ्यायचा, तर हा कीबोर्ड टाळायला जागाच उरली नाही.

अ‍ॅपलने दोष मान्य करायलाही वेळ घेतला. मे २०१८ मध्ये ग्राहक अमेरिकेत कोर्टात गेले. जूनमध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षं मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, पण त्रास मोजक्याच कीबोर्डमध्ये असल्याचं म्हटलं. जुलैमध्ये सुधारित कीबोर्ड आला, तो ‘आवाज कमी करणारा’ म्हणून. ‘आयफिक्सिट’ने तो उघडून पाहिला, तर बटणांखाली धूळ अडवण्यासारखा सिलिकॉनचा पातळ पडदा निघाला.

मार्च २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जोआना स्टर्न यांनी अख्खा लेख काही अक्षरं गाळून छापला, कारण त्यांच्या नव्या लॅपटॉपवर ती नीट उमटत नव्हती. तेव्हा कुठे अ‍ॅपलने माफी मागितली. त्यातही त्रास थोड्याच लोकांना होत असल्याचं म्हटलंच.

विक्रीवर परिणाम झाला का?

आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. २०१७ ते २०१९ या तिन्ही आर्थिक वर्षांत मॅकचं उत्पन्न २५ ते २६ अब्ज डॉलरच्या आसपास राहिलं. ज्यांचं सगळं काम मॅकवर चालतं, ते एका कीबोर्डसाठी विंडोजकडे सहज वळत नाहीत.

नुकसान वेगळ्या ठिकाणी झालं. ओळखीतल्या लोकांना ‘कोणता लॅपटॉप घेऊ?’ याचं उत्तर देणारा जो जाणकार वर्ग असतो, तोच ‘सध्या मॅक घेऊ नका, थांबा’ असं सांगायला लागला. ‘अ‍ॅपल महाग आहे, पण डोळे झाकून घ्यावं’ या समजुतीला तडा गेला. हा तोटा ताळेबंदात दिसत नाही, विनोदात दिसतो. ऑस्करच्या खोलीत पत्रकारांना तो विनोद समजावून सांगावा लागला नाही.

मे २०२० पर्यंत सर्व लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आला. १२ इंची मॅकबुक त्याआधीच, जुलै २०१९ मध्ये बंद झाला होता. जुलै २०२२ मध्ये कंपनीने ५ कोटी डॉलर देऊन अमेरिकेतला खटला मिटवला, चूक मात्र मान्य केली नाही. २०२१ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोची जाडी १६.२ वरून १६.८ मिलिमीटर झाली आणि काढून टाकलेले काही पोर्ट परत आले. पातळपणाच्या शर्यतीत मागे यायला कंपनी तयार झाली, याची ती खूण होती.

भारतातल्या ग्राहकांना काय मिळालं?

फक्त मोफत दुरुस्ती. तडजोडीचे पैसे अमेरिकेतल्या सात राज्यांमधल्या खरेदीदारांपुरते होते. इथल्या घरांत आणि ऑफिसांत रोज धूळ पुसावी लागते, पण त्या पैशांत भारतीय ग्राहकांचा वाटा नव्हता.

सदोष वस्तूबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करण्याचा हक्क मात्र भारतात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, आयोगाच्या परवानगीने एकाच तक्रारीत सारखा त्रास असलेल्या अनेक ग्राहकांची बाजू मांडता येते. प्राथमिक माहितीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

आता हे का आठवायचं?

कारण पातळपणाची हौस संपलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅपलने ५.६ मिलिमीटर जाडीचा ‘आयफोन एअर’ आणला. त्यात मागे एकच कॅमेरा आहे. पण ही तडजोड समोर दिसते आणि ज्याला ती नको त्याच्यासाठी दुसरे आयफोन आहेत. म्हणजे ही वाट २००८ ची आहे, २०१६ ची नाही.

पहिल्या पिढीच्या वस्तूत उणीव असणार, हे ग्राहक बऱ्यापैकी समजून घेतो. ती उणीव लपून राहिली, सगळ्या मॉडेलमध्ये पसरली आणि वर ‘त्रास थोड्यांनाच आहे’ असं ऐकायला मिळालं, की तो ते विसरत नाही. त्यामुळे नवा पातळ लॅपटॉप घेताना जाडीच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा: यातलं एक बटण खराब झालं, तर नेमकं काय काय बदलावं लागेल आणि त्याचे पैसे कोण भरेल?