काळा आजार व आपला विसराळूपणा

शत्रु हरला असें समजून आपण पहारा उठवितों, आणि तोच शत्रु पुनः घरांत शिरतो. बिहार व बंगाल येथील काळा आजार या रोगाचा इतिहास हेंच शिकवितो, असें आम्हांस वाटतें.

वाळूमाशी नांवाच्या, डासाहूनही लहान कीटकाच्या दंशानें हा रोग पसरतो. मातीच्या भिंतींच्या भेगा व गोठ्याची ओलसर जमीन हें तिचें आश्रयस्थान. तिच्या दंशावाटें रोग्याच्या शरीरांतील परोपजीवी जंतु निरोग्यास जडतात. मग ज्वर हटत नाहीं, पानथरी वाढते, शरीर झिजतें. उपचार न झाल्यास बहुधा मृत्यु ओढवतो.

१९०३ सालीं लीशमन व डोनोव्हन यांनीं स्वतंत्रपणें हा जंतु उजेडांत आणिला. पुढें कलकत्त्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं यूरिया स्टिबामाइन हें औषध तयार केलें व असंख्य प्राण वांचविले. १९५० नंतर हिवताप घालविण्यासाठीं घरोघर डीडीटी फवारलें गेलें. त्यांत वाळूमाशीही मेली व काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थंडावली, १९७० नंतर बिहारांत त्याची सांथ पुनः उसळली. कालांतरानें जुन्या अँटिमनीच्या औषधांसही तेथील अनेक रोगी दाद देईनात.

आज रक्ताच्या एका थेंबावरून आरके-३९ चाचणीनें कांहीं मिनिटांत निदानास साहाय्य होतें, व लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी शिरेवाटें एकदाच देऊन बहुतेक रोगी बरे होतात. २०२३ सालीं भारतांतील सर्व बाधित गटांत वर्षाचे नवे रोगी दर १०,००० लोकांमागें एकाहून कमी झाले.

तथापि प्रमाण घटणें म्हणजे रोग नष्ट होणें नव्हे. बऱ्या झालेल्या कांहीं जणांच्या त्वचेवर महिन्यांनीं वा वर्षांनीं फिकट डाग उठतात. ते दुखत नाहींत. लोक कुष्ठाच्या संशयास भिऊन ते लपवितात. आणि त्याच डागांतून वाळूमाशीस जंतु मिळतात. म्हणून रोगी थोडे उरले असतां खर्च व देखरेख कमी करणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

आपल्याकडे हा रोग रुजलेला नाहीं. परंतु बाधित भागांतून पोटासाठीं आलेले बांधव आपल्या शेजारीं राहतात. त्यांपैकीं कोणास दोन आठवड्यांहून अधिक ताप असल्यास, विद्यार्थ्यांनो व पालकांनो, त्यांस दूर लोटूं नका. दवाखान्यांत न्या, आणि ते कोणत्या गांवाहून आले हें डॉक्टरांस अवश्य सांगा. तेवढ्या एका माहितीनें योग्य चाचणी वेळेवर होऊन एक जीव वांचेल.