किल्ल्या दिल्यानंतर

व्यापारी घराण्यात निवृत्तीची तारीख नसते. बँकेत वयाची ६० वर्षे पूर्ण झाली की महिनाअखेरीस हार, श्रीफळ आणि निरोपाची भाषणे होतात. पेढीवर मात्र एके दिवशी तिजोरीच्या किल्ल्या वडिलांकडून मुलाच्या हाती जातात आणि त्याची नोंद कोठल्याही वहीत होत नाही. त्यानंतर घरातील सर्वजण मायेने एकच वाक्य म्हणू लागतात, "बाबा, आता तुम्ही फक्त आराम करा." त्यामागील प्रेम खरे असते, तथापि उतारवयातील उभारी खर्ची पडू लागते ती पुष्कळदा येथूनच.

जोडीदाराचा वियोग, गुडघ्यांचे दुखणे, मंदावलेली श्रवणशक्ती, समवयस्कांचे एकेक करून निघून जाणे, हे आघात कोणालाही चुकत नाहीत. काहीजण त्यातून सावरतात, काही खचतात. हा फरक केवळ स्वभावाचा, असे आपण समजतो. वस्तुतः सावरण्याची ताकद ही गंगाजळीसारखी असते. चांगल्या दिवसांत शिल्लक टाकलेली, पडत्या काळात कामी येणारी. शरीराची ताकद, जिव्हाळ्याची माणसे, हाताशी असलेला पैसा आणि स्वतःच्या आयुष्यावरील अधिकार, ही तिची चार प्रमुख खाती. पहिल्या तिन्हींची काळजी सुजाण कुटुंबे घेतात. चौथे खाते मात्र आरामाच्या नावाखाली आपणच रिकामे करतो.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील ज्येष्ठांना सांगण्यात आले की, खोलीची मांडणी, वेळेचा विनियोग हे निर्णय तुमचे. शिवाय एक रोपटे निवडून त्याची निगाही त्यांनीच राखायची होती. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली गेली, परंतु पाणी कर्मचारी घालणार आणि तुमच्या सुखसोयींची जबाबदारीही त्यांचीच, असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी पाहिले असता पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक आनंदी, सावध आणि माणसांत मिसळणारी आढळली.

वयानुसार शक्ती कमी होते, हेही नाकारून चालणार नाही. त्यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस हे पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन यांचे उदाहरण देत. उतारवयात रुबिनस्टाईन मोजक्याच रचना वाजवीत, त्यांचाच अधिक सराव करीत आणि द्रुत भाग येण्यापूर्वी लय किंचित संथ करीत, म्हणजे पुढचा वेग अधिक भासे. पेढीवरही हे शक्य आहे. दहा तास गादीवर बसणे झेपत नसेल तर दोन तास बसावे. जुन्या आसामींची उधारी किंवा मालाची पारख एवढेच काम ठेवावे, पण ते पूर्णपणे त्यांचे असावे. स्वयंपाकघरातही तोच न्याय. लोणच्याचे प्रमाण ठरविण्याचा मान सासूबाईंचा राहिला, तर ओट्यावरचा ताबा सुनेकडे जाण्याचे दुःख त्यांना फारसे वाटत नाही.

घरातील भाषेकडेही लक्ष असावे. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ओहायो राज्यातील एका गावातील पन्नाशीपुढील लोकांच्या दीर्घकालीन नोंदी अभ्यासल्या. स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे त्यांत दिसले. केवळ आशावादाने आयुष्य वाढते, असा याचा सरधोपट अर्थ काढू नये. परंतु "तुम्हाला ते जमायचे नाही" हे वाक्य रोज ऐकणारा माणूस कालांतराने ते स्वतःच म्हणू लागतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

बँकेतील अनुभवावरून एक व्यवहाराची गोष्ट. स्वतःच्या आणि पत्नीच्या नावावर पुरेशी ठेव राखणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. नातवाला खाऊ आणायलाही मुलाकडे हात पसरावा लागला, तर खंबीर माणूसही मनाने वाकतो. मालमत्ता बक्षीसपत्राने द्यायचीच असेल, तर आपल्या पालनपोषणाची अट त्यात स्पष्ट लिहावी. तशी अट असून ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द ठरविण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते.

येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी घरातील ज्येष्ठांकडे एखादे खरे काम सोपवावे. नुसता मान राखण्यासाठी दिलेले काम त्यांना लगेच ओळखू येते. जे चुकले तर खरोखर नुकसान होईल, असे ते काम असावे. आणि सल्ला विचारायचा तर सौदा ठरण्यापूर्वी विचारावा.