आरक्षण कागदावर, वर्ग तिसऱ्या मजल्यावर

दरवर्षी जून उजाडला की गुणवत्ता यादी, वाढते शुल्क आणि रिक्त जागा यांची चर्चा रंगते. या चर्चेत दिव्यांग विद्यार्थ्यांचा उल्लेख आलाच, तर तो आरक्षित जागांच्या तक्त्यातील एका रकान्यापुरता असतो. प्रवेश निश्चित झाल्यावर हा विद्यार्थी वर्गापर्यंत कसा पोहोचतो, पुस्तक कसे वाचतो आणि परीक्षा कशी देतो, हा प्रश्न मात्र प्रवेश प्रक्रियेबरोबरच संपतो. वास्तविक तो तेथूनच सुरू व्हायला हवा.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातील उच्च शिक्षण संस्थांत सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थी होते. त्यांपैकी दिव्यांग विद्यार्थ्यांची संख्या होती ७९ हजार ३५. म्हणजे हजारी दोनही नाही. करोनाच्या त्या वर्षात ही संख्या आधीपेक्षा घटली होती, हे खरे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के नोंदले गेले होते व त्यात वृद्धांचाही मोठा वाटा होता, हेही मान्य. तरीही पाच टक्के आरक्षण आणि हजारी दोनही नसलेली उपस्थिती, यांतील अंतर केवळ आकडेवारीच्या त्रुटींनी भरून निघणारे नाही. एकट्या महाराष्ट्रात त्या जनगणनेनुसार २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने उच्च शिक्षणातील हे प्रमाण किमान पाच टक्के केले, वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत दिली आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांसारख्या, वरवर पाहता न दिसणाऱ्या अवस्थाही त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आल्या.

या तरतुदीला एक मर्यादा आहे. आरक्षणाचे बंधन सरकारी आणि अनुदानित संस्थांवरच आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी व व्यवस्थापन शिक्षणाचा मोठा भाग विनाअनुदानित महाविद्यालयांत चालतो, हे लक्षात घेता ही मर्यादा लहान नाही. मात्र भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत व परिसर सुगम करणे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय पुरवणे ही कर्तव्ये सरकारमान्य संस्थांनाही लागू आहेत. ‘आम्ही विनाअनुदानित आहोत’ ही सबब आरक्षणापुरती चालेल. जिन्यापुरती चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी, विधी महाविद्यालयांतील सुविधांच्या मुद्द्यावरून सुरू झालेल्या एका याचिकेवर निकाल देताना आपले निर्देश सर्वच उच्च शिक्षण संस्थांना लागू केले. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या दैनंदिन गरजांसाठी प्रत्येक संस्थेत शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी व पालक यांचा अंतर्गत गट असावा, या सूचनेचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने करावा, असेही न्यायालयाने म्हटले होते. आयोगाची सुगमतेबाबतची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली ती २०२२ मध्ये. एका पदवीचा काळ त्यात निघून गेला.

उतारापलीकडची सुगमता

सुगमता म्हणजे प्रवेशद्वाराशी सिमेंटचा उतार, अशी अनेक संस्थांची समजूत आहे. तो उतारही नेहमी वापरण्याजोगा नसतो. एकास बारा हे चढाचे प्रमाण पाळायचे, तर तीन फूट उंच जोत्यासाठी छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी तो निम्म्यात आटोपला, की त्यावरून चाकाची खुर्ची स्वतःच्या बळावर चढवता येत नाही. उतार संपल्यावर उद्वाहन नसेल आणि प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर असेल, तर तळमजल्यावरचा उतार छायाचित्रापुरताच उरतो. नॅकच्या २०१७ नंतरच्या मूल्यांकन चौकटीत दिव्यांगस्नेही सुविधांना गुण होते. तो बदल स्वागतार्हच होता. पण छायाचित्रात उताराचा चढ मोजता येत नाही आणि स्वच्छतागृहाला कुलूप आहे की नाही, तेही कळत नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण तर इमारतीच्याही पलीकडची आहे. मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी संगणक प्रणाली आज मोफत मिळते व ती मराठीही वाचते. परंतु प्राध्यापकांच्या टिपणांची छायांकित प्रत संगणकात चित्र म्हणून साठवली असेल, तर या प्रणालीच्या दृष्टीने ते पान कोरे असते. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या मराठी मजकुरातून तर केवळ निरर्थक अक्षरांचा गोंगाट ऐकू येतो. मराठी माध्यमातून कला शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याचा फटका सर्वाधिक बसतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांगांसाठी पुस्तके सुगम स्वरूपात आणण्याची मुभा मिळाली. दृष्टिहीन वाचकांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित करण्याचा खर्चही जवळपास शून्य आहे. अभाव आहे तो सवयीचा आणि सक्तीचा.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची स्थिती याहून बिकट आहे. तासन्‌तास चालणाऱ्या व्याख्यानांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे मिळणे दुरापास्त असते. परिणामी वर्गात बसूनही शिक्षण मित्राच्या वहीवर अवलंबून राहते.

परीक्षेची परीक्षा

सर्वाधिक ताण येतो तो परीक्षेच्या वेळी. लेखनिक आणि तासामागे किमान वीस मिनिटांचा वाढीव वेळ या सवलती केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहेत. चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवले. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र सूचनाही निघाल्या. तरीही लेखनिक शोधण्याचे काम बहुधा विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडते. २०१८ च्या सूचनांनुसार स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खालच्या इयत्तेचा असावा लागत असे. गैरप्रकार टाळण्याचा हेतू रास्त आहे. पण गणिताची चिन्हे वा अर्थशास्त्रातील आलेख यांचा परिचय नसलेला लेखनिक मिळाला, तर त्याचा भुर्दंड गुणपत्रिकेवर पडतो. शिवाय हा लेखनिकही विद्यार्थीच असल्याने त्याच दिवशी त्याचीही परीक्षा असण्याची शक्यता असते.

सवलत माहीत नसलेला पर्यवेक्षक हा आणखी एक अडसर. २०२१ च्या ‘नीट’मध्ये लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वाढीव वेळ नाकारला गेला. न्यायालयाने अन्याय झाल्याचे मान्य केले; पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. एका केंद्रावरच्या अज्ञानाची किंमत अशी वर्षात मोजावी लागते.

दया नव्हे, व्यवस्था

‘आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत, मग खर्च कशासाठी?’ हा संस्थाचालकांचा युक्तिवाद वर्तुळाकार आहे. सुविधा नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाहीत आणि विद्यार्थी येत नाहीत म्हणून सुविधा होत नाहीत. लहान महाविद्यालयांची आर्थिक अडचण खरी असली, तरी सर्वच गोष्टींना पैसा लागत नाही. दिव्यांग विद्यार्थी असलेल्या तुकडीचे वर्ग तळमजल्यावर घेणे, हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. लेखनिकांची यादी विद्यापीठाने जिल्हावार तयार ठेवणे, हा नियोजनाचा. महागडी उपकरणे अनेक महाविद्यालयांना मिळून वापरता येतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी चालणारे संसाधन केंद्र हे संस्थेने मनावर घेतल्यास काय घडते, याचे उदाहरण आहे.

जेथे पैसा लागतोच, तेथे सक्तीवाचून गाडी पुढे सरकत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली. सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशी राहिल्याचे सांगत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संबंधित नियमच कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तयार करण्याचा आदेश केंद्राला दिला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. या विभागाने उच्च शिक्षण विभागाच्या सहकार्याने विद्यापीठनिहाय सुगमता तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर केले, तर प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच विद्यार्थ्याला आपण कोठे शिकू शकतो, हे कळेल.

आज प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याला तीच मागणी दर वर्षी, दर परीक्षेला, नव्या अधिकाऱ्यापुढे नव्याने करावी लागते. अभ्यासाला लागणारी शक्ती अर्ज-विनंत्यांत खर्ची पडते. जी सोय मागावी लागते ती मेहेरबानी ठरते. जी आधीपासून तयार असते तोच हक्क. विद्यापीठांनी या दोहोंतील फरक ओळखला, तरच पाच टक्क्यांचा आकडा कागदावरून वर्गात उतरेल.