खेळाला परीक्षा मंडळ नसते

अभ्यासक्रम बदलला की जुनी पाठ्यपुस्तके रद्दीवाल्याकडे जातात, हा आपल्या घराघरांतला अनुभव आहे. त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. प्रश्नपत्रिका नव्या पुस्तकावरून निघणार, मग जुने जपून ठेवण्यात अर्थ काय? परंतु हीच रीत आता मुलांच्या खेळातही शिरू पाहत आहे, आणि तिथे मात्र ती निव्वळ अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या पनवेलच्या धर्मग्रामातील काही तरुण मुले-मुली रविवारी दुपारी एकत्र बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एका मेजाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो. बाकीचे त्या कथेतील योद्धा, वैद्य, मांत्रिक अशी एकेक भूमिका घेतात. तलवारीचा घाव लागला की हुकला, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. एकच कथा महिनोन्‌महिने चालते. भ्रमणध्वनीवरची नजर काढून मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत तीन-तीन तास बोलतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

या मंडळींचा खेळ २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकावर चालत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंसाठीचे सुधारित पुस्तक आले आणि मेजाभोवती दोन तट पडले. ज्यांच्या हाती नवे पुस्तक आले, त्यांनी फर्मान काढले : नवे आणा, नाहीतर बाजूला बसून पाहा.

या पुस्तकाची मूळ किंमत ४९.९९ डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांहून अधिक. सूत्रधाराचे पुस्तक नोव्हेंबर २०२४ मध्ये आले, राक्षस-प्राण्यांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये, ती वेगळीच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करणाऱ्या बापाच्या मुलाने हे पैसे कुठून आणावेत? तो मागत नाही, कुरकुरतही नाही. पुढच्या रविवारी त्याला ‘काम निघते’, आणि त्यानंतरच्या रविवारी त्याची कुणी वाट पाहत नाही. खेळातून माणूस असा न बोलता वजा होतो, आणि आपण म्हणतो, मुले मोठी झाली.

नव्याच्या कैवाऱ्यांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एकाच मेजावर दोन नियम चालू शकत नाहीत. जखम बरी करण्याचा जो मंत्र आहे, त्यात पूर्वी आठ पैलूंचा एक फासा टाकत. आता दोन टाकतात. एकाने एक टाकावा आणि दुसऱ्याने दोन, तर भांडण ठरलेलेच. नव्यात काही सुधारणा खरोखरच चांगल्या आहेत, हेही मी नाकारत नाही. पात्राच्या थकव्याच्या पूर्वी सहा पायऱ्या असत आणि प्रत्येकीची शिक्षा निराळी. आता प्रत्येक पायरीगणिक वीस पैलूंच्या फाशातून दोन वजा होतात. ही सुटसुटीत रीत कुणीही आनंदाने घ्यावी.

परंतु ‘एकच नियम हवा’ या विधानातून ‘प्रत्येकाने नवेच पुस्तक विकत घ्यावे’ हा निष्कर्ष कसा निघतो? एकच नियम कोणता, हे मेजाभोवतीच्या सर्वांनी मिळून ठरवायचे असते. आपल्या आजी-आत्या फरशीवर खडूने घरे आखून, कवड्या नाहीतर चिंचोके टाकून अष्टाचम्मा खेळत. सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येते की नाही, यावर घरोघरी मतभेद. पाहुणे आले की खेळ मांडण्यापूर्वी विचारीत, ‘तुमच्याकडे कसं खेळतात?’ त्या एका प्रश्नात जी सभ्यता होती, ती या फर्मानात नाही.

कुणी म्हणेल, प्रकाशकांनीच बदल केला, त्याला आपण काय करणार? या खेळाचा इतिहास पाहावा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या नावाने तो प्रथम प्रसिद्ध झाला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतान आणि भुतांची प्रचलित नावे काढून तिथे नवी, अर्थहीन नावे घातली गेली. कारण हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, अशी ओरड तेथील काही ख्रिस्ती मंडळींनी केली होती. राक्षस तेच राहिले, पाट्या बदलल्या. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावे परत आली. नवी आवृत्ती म्हणजे प्रत्येक वेळी ज्ञानाची वाढ असते, हा समज एवढ्यानेच ढासळावा. २००८ साली चौथी आवृत्ती आली, तेव्हा असंख्य खेळाडूंनी ती स्वीकारलीच नाही. तिसऱ्या आवृत्तीचे नियम मुक्त परवान्याखाली उपलब्ध होते; त्यांच्या आधारे पायझो या कंपनीने २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला आणि तो भरभराटीला आला. म्हणजे खेळाडू ‘नको’ म्हणू शकतात, आणि त्यांनी ते म्हटलेले आहे.

याहून ताजे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशन संस्थेने आपल्या संगणकीय सेवेतील पात्रांच्या नोंदींमध्ये जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून तिथे नव्या घालण्याचे जाहीर केले. लोकांनी पैसे मोजून घेतलेली जुनी सामग्री अशी परस्पर बदलली जाणार म्हणताच मोठा गहजब झाला आणि काही दिवसांतच संस्थेने माघार घेतली. फडताळातल्या छापील पुस्तकावर मात्र असा घाला कुणालाच घालता येत नाही. त्याला वाळवी लागेल, पण त्यातले पान रात्रीतून बदलणार नाही. मग जे बळ कंपनीलाही चालले नाही, ते आपल्याच मुलांनी आपल्याच मित्रावर का वापरावे?

पालकांना आणखी एक गोष्ट कळली पाहिजे. जुन्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये आणि सुधारित आवृत्तीचे एप्रिल २०२५ मध्ये, ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले आहेत. ते उतरवून घेणे, छापून घेणे, दुसऱ्याला देणे यात चोरी नाही. संपूर्ण पुस्तकाच्या चोरट्या प्रती काढणे ही चोरीच आहे, आणि तिची गरजही उरलेली नाही. तेव्हा ‘पुस्तक नाही’ हे कुणाला मेजावरून उठवण्याचे कारण होऊच शकत नाही.

माझे सांगणे तीन वाक्यांत मावते. चालू असलेली कथा ज्या नियमांवर सुरू झाली, त्याच नियमांवर तडीस न्यावी. नवी कथा सुरू करताना सर्वांनी बसून आवृत्ती ठरवावी आणि जुन्या पुस्तकवाल्याच्या मतालाही तेवढेच वजन द्यावे. नवे ठरले, तर एक पुस्तक मेजाच्या मधोमध ठेवावे, ज्याला लागेल त्याने उघडावे.

यात प्रकाशकाचे नुकसान होते, असा कळवळा ज्यांना येतो, त्यांनी खुशाल दोन प्रती घ्याव्यात आणि एक त्या मुलाला द्यावी. पण त्याची रिकामी खुर्ची पाहून ‘आमचा खेळ आता अद्ययावत झाला’ असे त्यांनी म्हणू नये. पाच जणांचा खेळ चौघांवर आला, एवढीच त्या मेजावर सुधारणा झालेली आहे.