बुधवारचे पाणी

दहा मीटर उंचीच्या मंचावरून सूर मारला की पाण्यापर्यंत पोचावयास दीडएक सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत कोलांट्या पुऱ्या करून, अंग सरळ करून, फारसे पाणी न उडवता आत शिरावयाचे असते. परीक्षक गुण देतात ते त्या दीड सेकंदाला. त्यामागे काय सोसलेले असते, हे डॉ. सॅमी ली यांच्या चरित्रावरून कळते.

ली यांचा जन्म १९२० साली कॅलिफोर्नियात, कोरियाहून आलेल्या आईबापांच्या पोटी झाला. पॅसाडीनाच्या सार्वजनिक तलावात गोऱ्यांखेरीज इतरांस आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, उतरू देत आणि मागाहून तलाव उपसून नवे पाणी भरीत. तेव्हा त्यांचे शिक्षक जिम रायन यांनी परसात खड्डा खणून त्यात वाळू भरली. पाण्यात मारावयाच्या उड्या ली वाळूत शिकले! मुलाने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा त्यांनी १९४७ साली पुरी केली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मंचावरील सुवर्णपदक व फळीवरील कांस्यपदक त्यांना मिळाले. १९५२ साली हेलसिंकीस, नेमक्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी मंचावरील सुवर्णपदक पुन्हा जिंकले. ते लागोपाठ दोनदा जिंकणारे ते पहिले पुरुष.

पुढे सैन्यातील डॉक्टर म्हणून कोरियात सेवा करून ते परतले. १९५५ साली गार्डन ग्रोव्ह येथे घर घेऊ गेले, तो केवळ वंशावरून नकार मिळाला. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कोठे त्या भागात घर मिळाले.

हे वाचून अमेरिकेस नावे ठेवणे सोपे आहे. परंतु १९२७ साली महाडास अस्पृश्य मानलेले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सवर्णांनी ते तळे शेणगोमूत्राने 'शुद्ध' करून घेतले होते. आणि घराची गोष्ट तर आपल्या बडोद्याचीच आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली येथे नोकरीस आले, तेव्हा या शहरात त्यांना डोके टेकावयास जागा मिळाली नाही. आपले आजे-पणजे तेव्हा येथेच राहत होते.

ली यांनी कडवटपणा उराशी धरला नाही. कानाचे डॉक्टर म्हणून व्यवसाय करता करता त्यांनी शिष्य घडवले. बॉब वेबस्टर यांनी १९६० व १९६४ साली मंचावरील सुवर्णपदक मिळवले. ग्रेग लुगॅनिस या मुलास तर त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले, आणि १९७६ साली, सोळाव्या वर्षी, त्याने रौप्यपदक आणले. ज्यास घर नाकारले गेले, त्यानेच आपले घर उघडले. २०१६ साली ली निवर्तले.

आजही खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारणारी घरे आपल्या आळीत आहेत. ली यांच्या पदकांचे कौतुक करावयाचे असेल, तर त्याचा आरंभ त्या घरांच्या उंबऱ्यापासून व्हावा.