कचरा आपला, धूर गोवंडीचा

मुंबई महापालिकेने घनकचरा व्यवस्थापनाच्या नव्या उपविधींचा मसुदा 1 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. तेव्हाचे उपविधी 2006 सालचे होते, म्हणजे बदल हवाच होता. हरकती आणि सूचना 31 मेपर्यंत द्यायच्या होत्या. मात्र मोहल्ल्यात, चाळीत, चहाच्या टपरीवर चर्चा ऐकू आली ती फक्त शुल्काची.

शुल्काचा प्रश्न खोटा नव्हता. 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, 300 चौरस मीटरपर्यंत 500 आणि त्यापुढे 1000, असा प्रस्ताव होता. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि टॉवरमधले पाचशे चौरस फुटांचे घर एकाच पायरीवर बसवले होते. मदनपुऱ्यात, नागपाड्यात एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहतात. त्यांच्या घरी काही वाया जात नाही. शिळी चपातीही दुसऱ्या दिवशी कामी येते. त्यामुळे हरकत घ्यायलाच हवी होती. पण ती घेऊन झाल्यावर आपण घरी जाऊन निवांत बसणार असू, तर मूळ प्रश्न तसाच राहील.

मूळ प्रश्न असा की हा कचरा जातो कुठे? मुंबईत रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. शहर भागातला बराच कचरा महालक्ष्मीच्या केंद्रात मोठ्या गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवला जातो. ही रीत जुनी आहे. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्गावर प्रवाशांच्या आधी कचऱ्याच्या गाड्या धावत होत्या. देवनारची कचराभूमी 1927 पासूनची. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर शहरभर पसरला आणि सगळ्यांना देवनार आठवले. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीचे लोक मात्र त्या ढिगाच्या सावलीतच राहतात. त्यात आपल्या समाजाचे आणि दलित वस्त्यांतले गरीब बहुसंख्य आहेत. मुंबईच्या 2009 सालच्या मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग तळाला होता. कचऱ्याला धर्म नसतो हे खरे. पण कचराभूमीचा शेजार कुणाच्या नशिबी येतो, हे पाहिले की बरेच काही कळते.

आता देवनारचा जुना ढीग हटवायचा आहे, कारण तिथली 124 एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे सरकारने ठरवले आहे. दुसरीकडे, शहराचा बहुतांश कचरा ज्या कांजूरमार्गला जातो ती जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने 2 मे 2025 रोजी दिला आणि महापालिकेला तीन महिन्यांची मुदत दिली. मग उद्या पुढची कचराभूमी कुठे? पुन्हा एखाद्या गरीब वस्तीच्या उशाशीच ना?

म्हणून ज्या विभागाचा कचरा, त्याच विभागात तो जिरवण्याची सक्ती आराखड्यात हवी. दादरच्या फुलबाजारातली फुले, भायखळ्याच्या मंडईतला भाजीपाला हे चांगले खत आहे. गणेशोत्सवातल्या निर्माल्याचे खत महापालिका करतेच. जे दहा दिवस जमते, ते वर्षभर का जमू नये? दुसरे, ओला-सुका वेगळा नेणारी गाडी गल्लीत येऊ लागल्यावरच शुल्क घ्यावे. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एक होणार असेल तर कुणी कष्ट घ्यायचे? तिसरे, कचरा वेचणाऱ्या बायांना उपविधींत कामगार म्हणून स्थान मिळावे. स्त्री मुक्ती संघटनेने अनेक वर्षे त्यांना संघटित करून दाखवले आहे. 2017 साली 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश मिळाला, तोही थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्यावरच.

हे बोलायला सभागृहात तेव्हा कुणी नव्हते. मार्च 2022 पासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होता. त्यामुळे नागरिकाची लेखी हरकत हाच काय तो आवाज होता.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर, लग्नाच्या दावतीनंतर हॉलच्या मागे, थर्माकोलच्या ताटल्यांचे आणि अर्धवट खाल्लेल्या बिर्याणीचे ढीग आपणच लावतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच भाग, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, हे तर गुनाहच. वजूसाठी स्वच्छ पाणी शोधणाऱ्याने आपली घाण गोवंडीच्या भावाच्या दारात पाठवावी, हे कुठल्या दीनमध्ये बसते?

मशिदीच्या कमिटीने, गणेश मंडळाने, चाळ कमिटीने एकत्र बसून एक पानभर निवेदन लिहावे. त्यात शंभर रुपयांबद्दल लिहा, आणि गोवंडीबद्दलही लिहा.